पाणी कोण घालणार, हे आधी विचारणारी नर्सरी

राजेंद्र नगरकडून बायपासला जाताना डाव्या हाताला एक बिनपाटीची नर्सरी लागते. पुढं दोन मोठे कडुलिंब, वर हिरवी जाळी, बाहेर मातीच्या कुंड्यांची उतरंड. नाव कुठंच लिहिलेलं नाही, आमच्याकडे सगळे नुसतं ‘काकांकडे’ म्हणतात. घरच्या गॅलरीसाठी इथून रोपं नेणारे इंदुरात बरेच असतील. मी लिहिते आहे ते एका वेगळ्या खरेदीबद्दल. एका जुन्या ख्रिस्ती कब्रस्तानात, ज्यांची आठवण ठेवणारं कुणी उरलेलं नाही अशा कबरींवर लावायला आम्ही वस्तीतल्या लोकांनी इथून कंद, रोपं आणि बी घेतलं. पाचपैकी चार तारे देते. चार का आणि पाचवा का नाही, दोन्ही सांगते.

कब्रस्तानाचं नाव देत नाही, तिथल्या समितीची तशी विनंती आहे. संगमरवरी पाट्या आणि अक्षरांत भरलेलं शिसं उचकटून नेणारे पूर्वी येऊन गेले आहेत, आणि आता मोबाइल घेऊन व्हिडिओ काढायला येणारे आहेत. पुढच्या भागातल्या कबरींना घरं आहेत, म्हणजे त्यांची माणसं अजून शहरात राहतात. तिथं चुना लागतो, क्रूसावरचं नाव पुन्हा रंगवलं जातं, नाताळात मेणबत्ती लागते. मागच्या भिंतीकडे मात्र ओळीनं नुसते उंचवटे आहेत. काहींच्या डोक्याशी एक अनघड दगड, काहींच्या तोही नाही. कितीतरी उंचवटे इतके आखूड आहेत की ते लेकरांचे, हे कुणी सांगावं लागत नाही.

नोंदवही होती, ती वाळवीनं खाल्ली. समितीतल्या एक बाई माझ्याबरोबर शाळेत शिकवायला होत्या. त्या सांगतात की त्यांच्या लहानपणीही या बाजूला कुणी फिरकत नसे. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनची माणसं इंदुरात आली 1877 साली. त्यानंतर मालव्यानं 1899-1900 चा छप्पनिया दुष्काळ पाहिला, प्लेगच्या साथी पाहिल्या, 1918 चा इन्फ्लुएन्झा पाहिला. मागच्या ओळींतलं कोण कशानं गेलं हे आता कळायचा मार्ग नाही.

मी ख्रिस्ती नाही. पण आमच्या घरी सर्वपित्री अमावास्येला आजोबा तर्पण करायचे. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांना त्या दिवशी पाणी मिळायचं, आणि शेवटी एक ओंजळ ज्यांचं कुणीच नाही त्यांच्यासाठी सोडली जायची. घरातल्या माणसांच्या नावानं सोडलेल्या पाण्यापेक्षा ती ओंजळ मला लहानपणापासून मोठी वाटत आली आहे. त्यामुळं बाईंनी “मागच्या बाजूला काहीतरी फुलायला हवं गं,” असं म्हटल्यावर मला विचार करावा लागला नाही. वस्तीत बोलले तर माणसंही पटकन जमली: आमच्या मंडळातल्या चार-पाच घरच्या काकू, समोरच्या इमारतीतलं सिंधी जोडपं, जवळच्या रुग्णालयातल्या मल्याळी नर्स मुली, आणि चर्चची तरुण पोरं.

आता नर्सरीबद्दल. वर्गणी जमल्यावर आम्ही आधी एका चकचकीत दुकानात गेलो होतो. तिथल्या मुलानं काम काय आहे ते पुरतं ऐकलंही नाही, फुललेल्या पिटुनियाच्या आणि डायन्थसच्या कुंड्यांचा भाव सांगून मोकळा झाला. आमच्यातल्याही बऱ्याच जणांच्या मनात गुलाब होता. कबर म्हटलं की गुलाब, असं डोक्यात बसलेलं असतं.

काकांनी मात्र ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न केला, “ताई, पाणी कोण घालणार?”

पावसाळ्यात पाऊस घालेल, म्हटलं. त्यानंतर कधीमधी आमच्यापैकी कुणी.

“वैशाखात?”

वैशाखात कुणी नाही, हे मला कबूल करावं लागलं. “मग गुलाब विसरा,” म्हणाले. आणि त्यानंतर जे प्रश्न त्यांनी विचारले त्यासाठीच मी त्यांना चार तारे देते आहे. माती काळी की मुरमाड? झाडांची सावली किती वाजता येते? शेळ्या शिरतात का? दगडांवर अक्षरं आहेत का? भिंतीत पिंपळ उगवलाय का? शेवटी म्हणाले, “कुदळ, पहार नेऊ नका. खुरप्यानं चार बोटं खणायचं, त्याच्या खाली जायचं नाही. खाली माणसं आहेत.” त्या क्षणी मी ठरवलं की सगळं सामान इथूनच घ्यायचं. खोदायची खोली आधी ठरली आणि झाडं त्या खोलीच्या हिशेबानं निवडली गेली. मला हा क्रम फार योग्य वाटला.

सर्वांत जास्त आम्ही घेतले ते रेन लिलीचे कंद, गुलाबी आणि पांढरे. मोठ्या संख्येनं घेतल्यामुळं कंदाला सहा रुपये पडले, सुटा घेतला तर दहा. कंद छोटा, दोन-तीन बोटं खोल गेला की पुरे. उन्हाळ्यात पात सुकली तरी कंद जमिनीत जिवंत राहतो, आणि पावसाची चांगली सर आली की चार-पाच दिवसांत फूल वर येतं. एक फूल दिवस-दोन दिवस टिकतं, पण मागून दुसरं येतच राहतं. एका कंदाचे दोन-तीन वर्षांत चांगले झुपके होतात, म्हणजे वर्गणी पुन्हा न मागता ओळी भरत जातात. शिवाय या कंदांत विषारी द्रव्य असतं, त्यामुळं शेळ्या तोंड लावत नाहीत. (ज्यांच्या घरी लहान मुलं किंवा कुत्री आहेत त्यांनीही हे लक्षात ठेवावं. कंद कांद्यासारखा दिसतो, स्वयंपाकघराजवळ ठेवू नये.)

काकांनी हेही सांगितलं की गुलाबी पहिल्या पावसात फुलतो आणि पांढरा उशिरा, श्रावण-भाद्रपदापासून पुढं. बाईंनी ते ऐकून आखूड उंचवट्यांसाठी गुलाबी आणि बाकीच्यांसाठी पांढरा असं वाटून टाकलं. त्यांच्या मनात काय होतं ते मी विचारलं नाही.

दुसरी सदाफुली. पिशवीतलं रोप वीस रुपयांना. सदाफुली ही मूळची मादागास्करची. तिच्यापासून कर्करोगावरची व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही औषधं मिळतात, हे मी वर्गात दरवर्षी शिकवत आले. तिचं बी आपोआप पडून उगवतं आणि कडू असल्यामुळं तिलाही जनावरं खात नाहीत. मात्र मुळांशी पाणी साचलं तर ती सडते, आणि मालव्याची काळी माती पाणी धरून ठेवण्यात पटाईत. म्हणून काकांनी ती उंचवट्यांच्या माथ्यावर लावायला सांगितली, खालच्या चरांत नाही. ज्यांनी ऐकलं त्यांची सगळी जगली. कडेच्या चरात हौसेनं लावलेली ओळ पहिल्याच मोठ्या पावसात गेली.

काळ्या मातीचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते, कारण इंदूर-उज्जैनकडच्या कुठल्याही जुन्या कब्रस्तानात हेच दिसेल. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, हात आत जाईल इतक्या. दगड कलतात, चौथरे फाटतात ते त्यामुळं. त्यात वर भरपूर पाणी घालत राहिलं तर दगडांच्या पायाची हालचाल आणखी वाढते. म्हणजे रोज पाणी मागणारं झाड तिथं लावणं कबरीच्याही हिताचं नाही. काकांनी कंदांच्या खड्ड्यासाठी जाड वाळू, कुजलेलं शेणखत आणि थोडा मुरूम असं मिश्रण बनवून दिलं, आणि त्याचे पैसे फक्त खताचे लावले.

भिंतीतल्या पिंपळाबद्दलही त्यांचा सल्ला मोलाचा. रोपटं उपटायचं नाही, कारण मुळासोबत चुन्याचा अर्धा सांधा निघून येतो. बुडाशी कापायचं, पुन्हा फुटलं की पुन्हा कापायचं. या सल्ल्यात त्यांना विकायचं काहीच नव्हतं.

अक्षरं असलेल्या दगडांपुढं काय लावायचं हा प्रश्न मला आधीपासून होता. पुण्यात खडकीची युद्ध स्मशानभूमी मी पाहिली आहे. राष्ट्रकुल देशांच्या युद्धातल्या मृतांच्या कबरी जपणारं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ती सांभाळतं. 1917 साली सुरू झालेल्या या संस्थेनं जगभर एक पद्धत ठेवली आहे: दगडाच्या अगदी पुढ्यात बुटकी झाडं, म्हणजे पावसाचा चिखल उडून अक्षरांवर बसत नाही आणि झाडानं नावही झाकत नाही. काकांनी खडकी पाहिलेली नाही, तरी त्यांनी नेमकं तेच सांगितलं: “लिहिलेल्या दगडापुढं वीतभरापेक्षा उंच काही नको. नाव वाचता आलं पाहिजे.” पुढच्या भागातले काही दगड अर्धवट पुसलेले आहेत. त्यांच्यापुढं आम्ही पांढरी रेन लिली लावली आणि पहिल्या पावसाळ्यात फरक डोळ्यांना दिसला.

गुलबक्षीचं बी त्यांनी फुकट दिलं, कागदाच्या पुडीत, काळंभोर. जपून लावा म्हणाले, एकदा रुजली की जमिनीत गड्डा धरते, हलत नाही. आम्ही ती फक्त मागच्या भिंतीच्या कडेनं टाकली. संध्याकाळी पाचच्या सुमाराला फुलते, आणि रुग्णालयातल्या मुली ड्यूटी संपवून तेव्हाच येतात, त्यामुळं ती ओळ त्यांनी आपली मानली आहे.

एक गोष्ट खास इंदूरकरांसाठी लिहिते. आमच्यातल्या एका काकूंचा मुलगा परदेशात असतो. तिकडं पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी लाल पॉपीची फुलं लावतात, तीच इथंही असावीत असा त्यांचा आग्रह. दुसऱ्या एकांनी लगेच सांगितलं की मंदसौरहून बी आणून देतो. काकांनी दोघांनाही शांतपणे बसवून समजावलं. स्मरणाची लाल पॉपी वेगळी, ती शेतातलं रानफूल. मंदसौर-नीमचला परवान्यावर पिकते ती अफूची. दिसायला भावंडं, पण अफूचं एक झाड विनापरवाना लावलं तरी अमली पदार्थांविरुद्धच्या 1985 च्या एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा. “बिनालेबलचं पॉपीचं बी मी ठेवतच नाही,” म्हणाले. लाल पॉपीचं पाकीटबंद बी मिळतं, पण ते आश्विन-कार्तिकात पेरून थंडीभर पाणी द्यावं लागतं आणि उन्हं तापली की संपतं. तेव्हा पॉपी रद्द झाली. काकूंना थोडं वाईट वाटलं. पण ज्या दुकानदाराला एक पाकीट सहज खपवता आलं असतं त्यानं नाही म्हटलं, ही गोष्ट मला लिहून ठेवावीशी वाटते.

लागवड मृगाच्या पहिल्या सरींनंतर केली. त्याआधी गाजरगवत काढण्यातच सगळ्यांचा घाम निघाला. हातमोजे आणि तोंडाला रुमाल लावूनच काढा, अनेकांना त्याची ॲलर्जी होते. चर्चच्या पास्टरांनी छोटी प्रार्थना केली, आमच्या मंडळातल्या एका आजींनी वाकून मातीला हात लावला, आणि मग जो तो आपापल्या ओळीला बसला. बोलणं आपोआप कमी झालं होतं. एका पोरानं विचारलं की नावच नाही तर प्रार्थनेत काय म्हणायचं. बाई म्हणाल्या, “नुसतं ‘तुम्ही’ म्हण.” तो तसंच म्हणाला, प्रत्येक उंचवट्याला.

पुढं काय झालं ते सांगितल्याशिवाय नर्सरीचं खरंखोटं कळणार नाही. आषाढात गुलाबी लिली आल्या, काही ठिकाणी विरळ, पण आल्या. पांढऱ्या भाद्रपदात भरभरून फुलल्या आणि पितृपक्षात सगळी मागची बाजू पांढरी होती. काकांच्या सांगण्यावरून मधल्या वाटेच्या दोन्ही कडांना ऑगस्टच्या सुरुवातीला झेंडू लावला होता. तो दसऱ्याला सुरू झाला आणि 2 नोव्हेंबरला, ख्रिस्ती लोकांच्या मृतांच्या स्मरणाच्या ऑल सोल्स डेच्या दिवशी, पूर्ण बहरात होता. त्या दिवशी पुढच्या कबरींवर आलेली कुटुंबं आपली मेणबत्ती लावून झाल्यावर मागं आली. पहिल्यांदाच, असं बाई म्हणाल्या. काहींनी उरलेल्या मेणबत्त्या मागच्या ओळींत लावल्या. एका गृहस्थांनी समितीकडे मागच्या भागाच्या साफसफाईसाठी दर महिन्याचे पैसे द्यायचं कबूल केलं. उन्हाळ्यात सगळं सुकलं, मला धडकी भरली होती. जूनमध्ये पुन्हा पात वर आली. पिटुनियाच्या कुंड्या घेतल्या असत्या तर होळीनंतर नुसत्या रिकाम्या कुंड्या उरल्या असत्या.

आता पाचवा तारा का नाही.

सर्वांत मोठी तक्रार लव्हाळ्याची. सदाफुलीच्या पिशव्यांतल्या मातीतून लव्हाळा आला. ज्यांनी बाग केली आहे त्यांना कळेल हे किती त्रासाचं आहे. त्याच्या गाठी जमिनीत राहतात आणि वरून उपटून काही होत नाही. शिवाय आम्हाला खोल खणता येत नाही. आधी जिथं लव्हाळा नव्हता तिथं तो आता आहे आणि आम्ही दर पावसाळ्यात तो खुरप्यानं टिपत बसतो. काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी नाकारलं नाही, माती बाहेरून येते म्हणाले आणि पुढच्या वेळी मातीऐवजी कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, वाढवलेली रोपं द्यायचं कबूल केलं. कब्रस्तानासारख्या जागेसाठी रोपं घेणार असाल तर पिशवी फाडून माती बघूनच घ्या.

दुसरं, पोचवणी. लोडिंग रिक्षा सकाळी सातला यायची ठरली होती, आली भर दुपारी. रोपं उन्हात उघडी. माणसं थांबलेली, पोरांचे क्लास बुडालेले. पैसे परत मागण्याइतकं नुकसान झालं नाही, पण सदाफुलीची काही रोपं मान टाकूनच पोचली.

तिसरं, बिल. वर्गणीच्या पैशाचा हिशेब द्यावा लागतो. इथं मिळते ती वहीच्या पानावरची चिठ्ठी. यूपीआय चालतं, त्यामुळं निदान भरल्याची नोंद राहते. एवढ्या सचोटीच्या माणसानं एक बिलबुक छापून घ्यावं, अशी माझी त्यांना मनापासून विनंती आहे.

आणि चौथं, काका नसले की ही नर्सरी इतर कुठल्याही नर्सरीसारखीच आहे. त्यांचा मदतनीस मुलगा गोड बोलतो, पण जे फुललेलं दिसेल ते हातात देतो. त्यानं आमच्यातल्या एकीला स्पायडर लिलीचे मोठे कंद रेन लिली म्हणून दिले. ती पण सुंदर, पांढरी, सुगंधी, पण गुडघ्याच्या वर जाते. अक्षरांच्या दगडापुढून ती आम्हाला उचलून भिंतीकडे न्यावी लागली.

प्लॅस्टिकच्या पिशव्या ते परत घेतात, धुऊन पुन्हा वापरतात. आपल्या शहरात ओला-सुका कचरा वेगळा करण्याची सवय सगळ्यांना लागलेली आहे, तरी लागवडीनंतर उरलेला काळ्या पिशव्यांचा ढीग कुणालाच नको असतो. तो त्यांनी त्याच रिक्षातून परत नेला.

जायचं असेल तर सकाळी अकराच्या आत जा, तेव्हा काका स्वतः असतात. दुपारी ते घरी जातात आणि संध्याकाळी गर्दी असते, बोलायला वेळ मिळत नाही. कंद मोठ्या संख्येनं हवे असतील तर एप्रिल-मेमध्येच सांगून ठेवा, पाऊस सुरू झाल्यावर चांगले कंद उरत नाहीत. जागेचे फोटो मोबाइलवर नेलेत तर ते झूम करून बघतात आणि मगच बोलतात.

यंदा फाल्गुनात आम्हाला पांढरा चाफा लावायचा आहे. काकांकडे कुंडीतला तयार चाफा होता, आठशे रुपयांचा. तो त्यांनी दिला नाही. हातभर फांदी कापून सावलीत आठवडाभर चीक सुकवून लावा म्हणाले, फांद्या माझ्याच झाडाच्या घेऊन जा. जागाही ठरली आहे, कबरींच्या ओळींपासून दहा हात लांब, भिंतीच्या आतल्या कोपऱ्यात. ज्यांना मदतीला यायचं आहे त्यांनी समितीची परवानगी लागते म्हणून आधी मला निरोप द्यावा. खुरपं आणि पाण्याची बाटली घरून आणावी, कुदळ आणू नये.